आजचा सबक तोच

अरबी मुळाक्षरांत ‘ऐन’ नावाचे एक अक्षर आहे. उर्दूत आपण ते लिहितो, पण उच्चारत नाही. ‘औरत’, ‘इल्म’, ‘उम्र’ म्हणताना ते औ, इ, उ होऊन निसटून जाते. मराठीत तर ते नाहीच. माझ्या नूरानी कायद्यातल्या पहिल्या तख्तीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या ३१ तारखा आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या ऐनच्या नावावर आहेत. आमच्या आपांची पद्धत अशी, की सबक पक्का झाला तर पान उलटायचे, नाही झाला तर समासात तारीख टाकून शांतपणे म्हणायचे, “आज का सबक वही.” आठवड्यातून तीन दिवस दर्स. म्हणजे पहिल्या पानावर माझे अडीच महिने गेले.

मिरजेत आपांच्या घरच्या पुढच्या खोलीत असर ते मगरिब हा दर्स चालतो. आम्ही सहा जणी आहोत. एक शिवणकाम करणारी, एक नर्स, दोघी घर सांभाळणाऱ्या, एक सदुसष्ट वर्षांच्या खाला आणि मी. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. उच्चार हा तर माझ्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटले होते की मी वर्षभरात पुढे निघून जाईन. आता तीन वर्षे झाली. कायद्याला १४ महिने लागले. त्यानंतर अम्म पारा शेवटून धरला. सूरह नास पासून निघून आज सूरह अबस पर्यंत आलो आहोत. पाऱ्यातल्या ३७ पैकी दोन सूरह अजून बाकी आहेत.

लहानपणी वाचला नव्हता का कुरआन? वाचला होता. वयाच्या नवव्या वर्षी माझा खत्म झाला, घरात बत्तासे वाटले गेले. मोहल्ल्यातल्या ज्या बींनी आम्हा पंचवीस-तीस मुलांना ओसरीवर बसवून एक पैसा न घेता नाजिरा शिकवला, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण ते वाचन होते, तजवीद नव्हती. जाल, जे, ज्वाद आणि जोय ही चारही अक्षरे आम्ही एकाच ‘ज’वर भागवत होतो. से, सीन आणि स्वाद यांचा एकच ‘स’ होता. उर्दू बोलताना हे चालते, ती त्या भाषेची रीतच आहे. अरबीत चालत नाही. बडा काफ लावून ‘कल्ब’ म्हटले तर काळीज. छोटा काफ लावला तर कुत्रा. हे पहिल्यांदा समजले तेव्हा आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बहिणीने दोन दिवस धास्तीने आवाजच काढला नाही.

मग मी शिक्षकी सवयीने हिशेब मांडला. सूरह फातिहात सहा ऐन आहेत : आलमीन, नअबुदु, नस्तईन, अनअम्त, आणि दोनदा अलैहिम. दिवसाच्या फर्ज नमाजांच्या १७ रकअती. म्हणजे नुसत्या फर्जमध्ये मी रोज १०२ वेळा या अक्षरापाशी येते. ज्या दारातून दिवसाला शंभर वेळा ये-जा करायची, त्याची कडी नीट लागत नसेल तर सुताराला बोलवायला हवेच की.

कारण इतके स्पष्ट असूनही उत्साह टिकत नाही, हे मात्र खरे. माझ्या धाकट्या जाऊबाई पुण्याला असतात. त्यांनी मोबाइलवरचा ९० दिवसांचा कोर्स केला, प्रमाणपत्र मिळवले, ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, आणि सर्वांनी माशाअल्लाह म्हटले. मीही म्हटले, मनापासून. पण रमजानमध्ये बायका एकमेकींना ‘तुमचे किती पारे झाले?’ विचारू लागल्या की तीन वर्षांचा दर्स असलेली बाई कुठल्या सूरहवर आहे हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो. गेल्या डिसेंबरात शाळेत दहावीचे जादा तास, मतदारयाद्यांचे काम आणि सासूबाईंचे दवाखाने एकदम आले. दर्स सोडायचे मी मनात जवळजवळ ठरवले होते. आपांना काय सांगायचे, ते वाक्यसुद्धा तयार होते.

धीर देणारी वचने मला माहीत नव्हती असे नाही. हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेली, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत असलेली ती प्रसिद्ध हदीस प्रत्येक दर्सात सांगितली जाते : जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुहेरी मोबदला आहे. कर्म थोडे असले तरी सातत्याचे असावे, अल्लाहला ते अधिक प्रिय आहे, या अर्थाची हदीसही त्यांच्याकडूनच आलेली आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये तर असे नोंदले आहे की हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांनी सूरह बकरह शिकण्यात आठ वर्षे घालवली. २८६ आयती आणि आठ वर्षे; मी गणित केले, महिन्याला तीन आयती भरतात. ज्यांची मातृभाषा अरबी, ज्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना डोळ्यांनी पाहिले, त्यांचा हा वेग! त्यांचे शिकणे अर्थात उच्चारापुरते नव्हते. अर्थ समजणे, तो आचरणात आणणे हे सारे त्यात होते. तरीही माझ्या पारा मोजणाऱ्या मनाला हा आकडा चांगलाच लागला.

पण खरे सांगू? वचन ऐकून आलेली उभारी आठवडाभर पुरते. तेरा सोमवार, बुधवार, गुरुवार ओळीने ‘आज का सबक वही’ ऐकायचे असेल तर आणखी काहीतरी लागते. मला जे सापडले ते सबकाच्या बाहेर नव्हते.

ते सापडले घशात. आपांनी एकदा आम्हाला गळ्यावर दोन बोटे ठेवायला लावली. “पहिले बडी हा बोलो.” चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना आपण करतो तसा, घशाच्या मधल्या भागातून निघणारा कोरडा श्वास. बोटांना काही जाणवले नाही. “अब वहीं से ऐन.” जागा तीच, पण या वेळी बोटांखाली थरथर झाली. एकच घर, एक खोली अंधारी आणि दुसरीत दिवा. त्या संध्याकाळी मी घरी येईपर्यंत रस्त्याने गळ्याला हात लावत होते. रिक्षावाल्याला वाटले असेल बाईंचा घसा बसला.

मग मला या साऱ्याची गोडी लागली. घशातल्या अक्षरांचे तीन मजले आहेत : सर्वांत खोल हमजा आणि छोटी हा, मध्ये ऐन आणि बडी हा, वरती गैन आणि खा. तिथून पुढे जिभेचे मूळ, मध्य, कडा, टोक, आणि शेवटी ओठ. मला एकदम आपली बाराखडी आठवली. क वर्ग कंठ्य, च वर्ग तालव्य, ट वर्ग मूर्धन्य, त वर्ग दंत्य, प वर्ग ओष्ठ्य. आपली वर्णमालाही आतून बाहेर येते! आणि आठव्या शतकात बसऱ्यात खलील बिन अहमद या विद्वानाने अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचला तो अलिफ, बे अशा क्रमाने नव्हेच. त्याने घशातून ओठांकडे येणारा क्रम घेतला आणि सुरुवात ऐनने केली. म्हणून त्या कोशाचे नावच ‘किताबुल ऐन’. मी वीस वर्षे मुलांना मूर्धन्य-दंत्य शिकवते आहे, पण ते परीक्षेच्या गुणांपुरते होते. ४४व्या वर्षी स्वतःच्या तोंडात जिभेने रस्ता शोधताना ते मला पहिल्यांदा कळले.

आता माझ्या पर्समध्ये छोटा आरसा असतो. से, जाल आणि जोय म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला टेकून किंचित बाहेर दिसले पाहिजे, ते आरशात पाहायचे. ज्वाद, ज्याला अरबीत दाद म्हणतात, तो सर्वांत हट्टी. त्यासाठी जिभेची कड वरच्या दाढांना लागावी लागते. अरबीला ‘दादची भाषा’ म्हणतात ते उगीच नाही. माझा दाद अजूनही दर दोन दिवसांनी रुसतो. पण तो रुसला आहे हे आता माझ्या कानाला कळते, आणि यातच सारी मजा आहे.

बी.एड.ला आम्हाला थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचे अध्ययनाचे नियम पाठ होते : सिद्धता, सराव, परिणाम. आम्ही ‘सराव’ तेवढा लक्षात ठेवला आणि मुलांना शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावत राहिलो. त्याच थॉर्नडाइकने पुढे डोळे बांधलेल्या माणसांना ठरावीक लांबीची रेघ पुन्हा पुन्हा काढायला लावली. रेघ बरोबर आली की चुकली हे त्यांना सांगितले नाही, तेव्हा कितीही सराव करून रेघ सुधारली नाही. नुसती पुनरावृत्ती शिकवत नाही हे त्याने मग मान्य केले. दर्सातही तसेच आहे. कान तयार नसेल तर एकतीस तारखा म्हणजे डोळे बांधून काढलेल्या एकतीस रेघा. कान तयार झाला की तोच सबक रोज वेगळा होतो. काल ऐन जड झाला होता, आज हलका झाला पण पुढच्या ‘लाम’लाही ओढून घेऊन गेला. बाहेरच्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

मिरजेत राहणाऱ्याला हे समजायला लांब जावे लागत नाही. आमच्या ओळखीत तंबोरे बनवणारे एक चाचा आहेत. (दर्सावरच्या लेखात तंबोरा कुठून आला म्हणून कोणी नाक मुरडेल, मुरडू दे, कारागिरी ही कारागिरी असते.) पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा वाळवून, लाकूड जोडून, रंगरोगण करून वाद्य तयार दिसते तेव्हा गिऱ्हाइकाला वाटते झाले काम. पण जवारी राहिलेली असते. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसेने अगदी नकळत घासायचा, तारेखाली सूत सरकवायचे, छेडायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. जास्त घासले तर घोडी फुकट. मी एकदा चाचांना विचारले, कंटाळा येत नाही? ते म्हणाले, “कंटाळा लाकूड तासताना येतो. हे तर ऐकायचं काम आहे.”

मी तो डिसेंबर निभावला तो असा. दर्स सोडला नाही, पण महिन्याला किती पुढे सरकायचे हे ठरवणे सोडले. रोज फजरनंतर दहा मिनिटे, एकच ओळ. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला फातिहा मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायची आणि ऐकायची नाही. सहा महिन्यांनी ऐकायची. रोज आरशात पाहून मूल वाढताना दिसत नाही, जुना फोटो काढला की दिसते. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ‘अनअम्त’चा नून नाकात अडकून बसलेला आहे. नूननंतर घशाचे अक्षर आले की नून स्वच्छ, झटक्यात म्हणायचा असतो. आता तो तसा निघतो. कधी निघू लागला ते मला सांगता येणार नाही.

हे रोज गोड लागते असा दावा नाही. मार्च महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरात असताना दर्साला जाणे म्हणजे पाय ओढत जाणे. अशा दिवशी मी फक्त जाते आणि इतरांचे ऐकते. आपा त्यालाही हजेरी मानतात.

दर्सातल्या नर्स बहिणीने एकदा छान प्रश्न काढला. आपण सवाबसाठी शिकायला येतो; मग अक्षरात मजा वाटायला लागली तर नियतमध्ये भेसळ झाली का? आपांनी तिलाच विचारले, “बच्चे को दूध पिलाते वक्त माँ को खुशी होती है, तो क्या दूध में मिलावट हो गई?” मला हे उत्तर फार आवडले. नियत अल्लाहसाठी आहे, ती दाराशीच ठरते. आत गेल्यावर जे काम करायचे त्यात मन रमले तर ती मेहेरबानी समजावी. उलट, मोबदल्याचा हिशेब घेऊन बसणारे मन एक डोळा घड्याळाकडेच ठेवते. सूरह फुरकानमध्ये इन्कार करणाऱ्यांचा एक आक्षेप आला आहे, की हा कुरआन एकदमच का उतरवला गेला नाही. त्यावर उत्तर आहे ते मन दृढ करण्याचे आणि ठहरून वाचण्याचे. सुमारे २३ वर्षे लागली उतरायला. ज्या ग्रंथाला स्वतःला घाई नव्हती तो ९० दिवसांत उरकावा असे मला तरी वाटत नाही; जाऊबाईंनी राग मानू नये.

याचा परिणाम माझ्या वर्गावर झाला आहे. माझी उर्दू माध्यमाची पाचवीची मुले ‘ळ’पाशी अडतात. ‘काल’ आणि ‘काळ’ त्यांच्या तोंडी एकच. पूर्वी मी दहा वेळा म्हणवून घेत असे. आता म्हणते, जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, आता सोडा. कुठे लागली सांगा. वर्गात पाच मिनिटे नुसता जिभांचा गोंधळ. फळ, गूळ, नारळ, केळे असे शब्द मुले घरून शोधून आणतात. ‘चार’ आणि ‘चारा’मधला च वेगळा आहे हे तर एका मुलीने मला येऊन सांगितले, मी शिकवलेच नव्हते. तिचा ळ अजून ल आहे. पण तिला ते ऐकू येते, म्हणून मला तिची काळजी नाही.

आता खालांविषयी. त्यांचे शौहर रेल्वेत होते, चार वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. खाला कधी शाळेत गेल्या नाहीत, मदरशातही नाही. फातिहा आणि चार छोट्या सूरह कानाने ऐकून पाठ केलेल्या. शौहरच्या कबरीसाठी सूरह यासीन दुसऱ्या कोणाकडून पढवून न घेता स्वतः वाचायची एवढी एकच इच्छा घेऊन त्या दर्सात आल्या. साखरेने त्यांचे डोळे पोखरले आहेत. एका डोळ्याला दोनदा लेसर झाले, दुसऱ्याचे डॉक्टर काही ठामपणे सांगत नाहीत. आपांनी त्यांना सुचवले होते की रेकॉर्डिंग ऐकून यासीन पाठ करा, लवकर होईल. खाला म्हणाल्या, “सुनके तो सारी उमर पढी. अब अक्षर देखके पढूँगी.” मोठ्या टायपाचा मुसहफ, भिंग आणि खिडकीजवळची जागा. एक अक्षर ओळखले की त्या भिंग खाली ठेवतात, पदराने पुसतात आणि पुन्हा उचलतात. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद असतो तो मी बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मी एकदा त्यांना म्हटले, खाला, तुम्हाला सबक इतके दिवस तोच मिळतो, वाईट नाही वाटत? त्या हसल्या. “मेरेकू कां गाडी पकडने की है गे!” आयुष्यभर मिरज जंक्शनच्या गाड्यांच्या वेळेवर डबा बांधून दिलेली बाई हे म्हणत होती.

मागच्या आठवड्यात आपांनी त्यांना यासीन सुरू करायची परवानगी दिली. अम्म पाऱ्याचा सबक चालू राहीलच, सोबत हे. मला हिशेबाची खोड. यासीनच्या ८३ आयती, महिन्याला तीन धरल्या तर २८ महिने. डोळ्यांचे काय, हा विचार माझ्या मनात होता आणि तो बहुधा आवाजातही आला. दर्स सुटल्यावर जिन्यावरून उतरताना मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी माझा दंड धरला होता, पायऱ्या त्यांना नीट दिसत नाहीत. क्षणभर थांबून म्हणाल्या, “तो दो साल और तू आयेगी ना?”

सोमवारपासून सुरुवात आहे. पहिल्या आयतीत दोनच अक्षरे आहेत, या आणि सीन. आपा म्हणतात त्यालाही आठवडा लागेल, कारण सीन सहा मात्रा ओढायचा असतो आणि खालांचा श्वास चारलाच संपतो. रोज झोपण्यापूर्वी बोटे मोजत दम धरायचा अभ्यास त्यांना दिला आहे. काल फोन केला तेव्हा त्या पाचपर्यंत पोहोचल्या होत्या.